एक भाग कमी

“...आन पोरं काय करणार?” उस्तादांनी विचारलं.

“दांडी ओढणार,” पद्मजा म्हणाली.

“आन?”

“आणि सोडणार.”

“आन?”

“आन काय, उस्ताद? झाकण तयार!”

उस्तादांनी मान हलवली. त्यांची ही मान होकाराची की नकाराची, ते मला एकतीस वर्षांत कळलेलं नाही.

मी इथला स्टोअरकीपर. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात आमची तंत्रशाळा आहे. तिच्या वर्कशॉपचं भांडार मी सांभाळतो. मला पत्रा दाबायचा प्रेस चालवता येत नाही, कानस धरता येत नाही. चहा मात्र वेळेवर सांगता येतो. म्हणून मोठ्या माणसांच्या बोलण्यात मला कायम जागा मिळत आली आहे.

उस्ताद म्हणजे दस्तगीर शिकलगार. पत्रा कापायचे आणि वाकवायचे साचे, ज्यांना आम्ही टूल म्हणतो, ते करण्यात त्यांची हयात गेली. सात वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उस्ताद आपल्या स्टुलावर हजर. ‘आता घरी बसा’ हे त्यांना सांगायचं कुणी, यावर अजून निर्णय झालेला नाही.

पद्मजा मगदूम ही त्यांचीच शिष्या. इथंच शिकली, मग मोठ्या शहरात जाऊन टूल डिझाइनचा कोर्स केला, पहिली आली, आणि जूनपासून इथंच शिकवायला लागली. पोरगी हुशार. आपण हुशार आहोत हेही तिला पक्कं ठाऊक.

त्या शनिवारी तिनं मास्तरीण झाल्यावरचं आपलं पहिलं टूल उस्तादांपुढं ठेवलं होतं.

टूल देखणं होतं, ते मला अडाण्यालाही कळत होतं. वर पत्रा कापणारा पंच, खाली त्याच्या मापाच्या भोकाची डाय, मधून सरकणारी पत्र्याची पट्टी. हाताच्या प्रेसवर बसवायचं, दांडी ओढायची, की एकाच फटक्यात गोल तुकडा कापून, कड वाकवून डबीचं झाकण खाली पडतं. सगळं विद्यार्थ्यांच्या सरावासाठी.

तिचा हेतूही चांगलाच होता. आमच्याकडं पहिल्या वर्षाची पोरं तीन महिने लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासून चौकोनी करत बसतात. दिवाळीपर्यंत निम्मी पळतात. पद्मजाचं म्हणणं, पोरांच्या हातून पहिल्या आठवड्यात काहीतरी बनून निघालं पाहिजे. सोमवारी आठला नवी बॅच येणार होती. चोवीस पोरं.

पण मधे एक अडचण होती. ती म्हणजे उस्तादांचा ठसा.

उस्तादांच्या खिशात दोरीला बांधलेला एक अक्षरठसा असतो. अक्षर ‘द’. टूल पसंत पडलं, की ते हातोडीनं त्यावर ‘द’ मारतात. ठसा नसेल तर ते टूल आमच्या शाळेत प्रेसवर चढत नाही. असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण ठशाशिवाय टूल मी स्टोअरमधून देत नाही. प्राचार्यांनी मागितलं तरी देत नाही. किल्ली माझ्याकडं आहे.

एकतीस वर्षांत ‘द’ पडलेली टुलं अकरा.

“चित्र दाव, मास्तरीणबाई,” उस्ताद म्हणाले.

तिनं ड्रॉइंगची गुंडाळी उलगडली. उस्तादांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला, वाकले, आणि बघत बसले. मी आणलेला चहा निवला. मी दुसरा आणला. तोही निवला.

“तेवीस भाग आहेत,” पद्मजाला राहवेना. “प्रत्येकाला नंबर दिलाय.”

उस्तादांनी एकेका भागावर बोट ठेवत मोजले.

“तेवीस,” ते म्हणाले.

“हो.”

“एक कमी हाय.”

पद्मजा हसली. मग तिच्या लक्षात आलं की उस्ताद हसत नाहीत.

“कुठला?”

उस्ताद निवलेला चहा प्यायले.

“उस्ताद, कुठला भाग कमी आहे?”

“मास्तरीण तू का मी?”

तिनं पुन्हा मोजले. पंच, डाय, पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कडा, पट्टी पुढं सरकली की अडवणारा स्टॉपर, बोटं वाचवणारी जाळी, स्क्रू, पिना. तेवीसच्या तेवीस.

“चित्र राहू द्या,” ती म्हणाली. “चालवून बघा. डोळे झाकून मारलं तरी झाकण बरोबर येतं!”

हे बोलायला नको होतं. उस्तादांनी लगेच खिशातला रुमाल काढला आणि डोळ्यांवर बांधला.

मी चहाची किटली खाली ठेवली. प्रेस आणि बांधलेले डोळे ही काही बघायची गोष्ट नाही. पण पद्मजानं पंचाभोवती जाळी अशी बसवली होती, की आत बोट जाईल एवढी फट कुठंच नव्हती. फक्त पट्टी सरकायची खाच.

उस्तादांनी चाचपत पट्टी खाचेत घातली. पट्टी सरकली, आत टक् करून स्टॉपरला अडली. दांडी ओढली. धप्प. पुन्हा टक्, पुन्हा धप्प. आणखी एकदा.

तीन झाकणं. बाजारात मांडावीत अशी.

उस्तादांनी रुमाल सोडला. झाकणं तळहातावर घेऊन फिरवून फिरवून बघितली.

“वा! आंधळ्याला बी जमतंय.”

“तेच तर सांगतेय मी!”

“व्हय... मग पोरांच्या डोळ्यांचं काय करायचं?”

पद्मजाचं उत्तर तयार होतं. “गॉगल मागवलेत की. चोवीस आलेत. बापूकाकांच्या स्टोअरमध्ये आहेत.”

बापूकाका म्हणजे मी. मला हसू आवरेना, तसा मी पाठ केली आणि उगीच किटली पुसायला लागलो. उस्तादांनी फक्त मान हलवली. तीच ती मान.

“तुझ्यातलं सगळ्यात झोपाळू पोर बोलीव,” ते म्हणाले.

यात फार शोधाशोध नव्हती. सिद्राम बिराजदार दाराशीच बसून कानस घासत होता. गेल्या वर्षीच्या बॅचमधला. त्याचा चौकोन अजून चौकोन झालेला नव्हता, म्हणून बिचारा वर्ष उलटलं तरी घासतच होता. घासून घासून तुकडा निम्मा झाला, पण कोपरे काही जुळले नाहीत.

सिद्राम प्रेसपाशी आला. पद्मजानं त्याला दाखवलं. पट्टी सरकव, टक् झालं की ओढ.

सिद्रामनं ओढली. टक्, धप्प. टक्, धप्प. पाचव्या झाकणाला त्यानं जांभई दिली. पंधराव्याला खिडकीत चिमणी आली, तिच्याकडं बघत बघत त्यानं आणखी दहा काढली. पाटी भरत चालली. एकही झाकण वाकडं नाही.

पद्मजाचा चेहरा असा खुलला होता, की मलाच वाटलं, आता ‘द’ पडणार.

“पोरा, काय केलंस रं?” उस्तादांनी विचारलं.

“दांडी ओढली, उस्ताद.”

“आन काय निघालं?”

सिद्रामनं वाकून पाटीत बघितलं. “झाकणं हायत वाटतं.”

“जा, घास तुझं,” उस्ताद म्हणाले. मग पद्मजाकडं वळून, “एक कमी हाय बघ.”

...

पद्मजा हरणारी नव्हती. तिनं टूल पुन्हा टेबलावर घेतलं आणि दहा मिनिटांत तिला एक दोष सापडला. सिद्राम खिडकीकडं बघत असताना पट्टी खाचेत केसभर तिरकी होत होती. झाकणावर त्याचा परिणाम नव्हता, पण होती तिरकी. तिनं कडेला एक स्प्रिंग बसवली. आता पट्टी आपोआप सरळ राहील.

अकरा वाजता तिनं उस्तादांना बोलावलं.

उस्तादांनी स्प्रिंग बघितली. बोटानं दाबून बघितली. काम चोख होतं, त्यांनी तसं म्हटलंही.

“झालं मग?” तिनं विचारलं.

“आता दोन कमी हायत.”

“दोन? अहो, मी एक वाढवला!”

“वाढीवलास. म्हणून तर.”

तिच्या तोंडाचा चंबू झाला. पण ती पहिल्या नंबरानं आलेली मुलगी. अशांना प्रश्न सुटला नाही की त्या उत्तर आणखी मोठं करतात. तिनं पत्र्याची एक छोटी घसरगुंडी वाकवली आणि डायखाली लावली. आता पाटी नीट खाली आहे की नाही, तेही बघायला नको. पडेल ते घसरत थेट पाटीत.

“आता?” बारा वाजले होते.

“तीन,” उस्ताद म्हणाले आणि डबा सोडायला गेले.

अति तिथं माती, असं मला म्हणावंसं वाटत होतं. पण म्हणणार कोण? मी पडलो स्टोअरकीपर.

जेवायच्या सुट्टीत पद्मजा माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. डबा हातात तसाच.

“बापूकाका, ते मुद्दाम करतायत का?”

“उस्ताद? मुद्दाम तर ते शिंकतसुद्धा नाहीत.”

तिनं डबा काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, “सर्टिफिकेटं सहा आहेत माझ्याकडं. पण मला हा ठसा पाहिजे. शिकत होते तेव्हा माझं पहिलं टूल उस्तादांनी परत दिलं होतं. एक शब्दही न बोलता. त्या दिवशी सायकलवर बसवेना मला. चार किलोमीटर ढकलत घरी गेले.”

“मग दुसरं का नाही दाखवलं?”

“धीर झाला नाही. नऊ वर्षं लागली.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या हाताशी तो ‘द’ असता, तर मीच मारला असता.

“बापूकाका, सोमवारी पोरं येणार. ठसा नसताना टूल द्याल का?”

“नाही,” मी म्हणालो.

दुःख दुःखाच्या जागी, किल्ली किल्लीच्या जागी.

तेवढ्यात उस्ताद आले. हातात त्यांचा डबा. त्यात बायकोनं केलेली मेथीची भाजी आणि भाकरी. त्यांनी अर्धी भाकरी मोडून पद्मजाच्या हातावर ठेवली.

“खा. उपाशी माणसाला पत्रा जाड लागतोय.”

तिनं रागारागानं खाल्ली, पण खाल्ली.

...

तीन वाजता तिचा बांध फुटला.

तिनं ड्रॉइंग आठ वेळा तपासलं होतं. पुस्तक उघडलं होतं. शहरातल्या आपल्या प्राध्यापकांना फोन लावला होता. ते म्हणाले, डिझाइन परिपूर्ण आहे, कुणी नावं ठेवली? तिनं फोन ठेवला आणि पाना उचलला.

“घ्या, उस्ताद! वाढवलं की कमी होतंय ना? मग काढतेच सगळं!”

घसरगुंडी निघाली. स्प्रिंग निघाली. स्टॉपर निघाला, त्याच्या जागी नुसतं भोक राहिलं. एकेक वस्तू टेबलावर खण् खण् आपटत होती. सिद्राम कानस थांबवून बघत होता. मीही काउंटर सोडून आलो. शनिवार दुपारी आमच्याकडं असली करमणूक क्वचित होते.

शेवटी तिनं जाळीचे चारही स्क्रू काढले आणि जाळीही टेबलावर टाकली.

“झालं तुमच्या मनासारखं? आता तरी पुरे का?”

उस्ताद स्टुलावरून उठले. सावकाश प्रेसपाशी आले. तिनं दांडी हातात धरली होती.

उस्तादांनी आपला उजवा हात उघडला आणि पंचाखाली, डायवर ठेवला.

“मार,” ते म्हणाले.

...

वर्कशॉपमध्ये आवाज थांबला. सिद्राम उभा राहिला.

पद्मजाचं दांडीवरचं बोटसुद्धा हललं नाही. फक्त तिचा चेहरा पांढरा होत गेला.

“उस्ताद, हात काढा.”

“का गं? एवढं मोकळं टूल कधी बघितलं न्हाई मी. मार की.”

“उस्ताद... हात काढा. पाया पडते.”

“भीती वाटली?”

“हो.”

“कुठं वाटली?”

तिचे डोळे भरले होते. एका हातानं दांडी घट्ट वर धरून तिनं ती खिट्टीत अडकवली, दोनदा ओढून बघितली, आणि मगच श्वास सोडला.

उस्तादांनी हात काढला. दोन्ही पंजे तिच्या डोळ्यांसमोर धरले.

“छत्तीस वर्सं प्रेसवर हाय. मोज.”

ती रडता रडता हसली.

“मोज की! तेवीस भाग मोजलेस न्हवं?”

“दहा,” ती म्हणाली.

“ह्यातला एक बी पत्र्याला द्यायचा न्हाई,” उस्ताद म्हणाले. “बाकीचं सगळं द्यायचं. डोळं बी.”

मग माझ्याकडं वळून, “बापू, च्या सांग. घसा कोरडा पडला की रं माझा.”

तेव्हा मला दिसलं, त्यांच्या कपाळावरही घाम होता. पुढं चहा पिताना मी त्यांना विचारलं, तुम्ही हात ठेवलात कसा? तर म्हणाले, दांडी तिच्या हातात होती म्हणून ठेवला, तुझ्या हातात असती तर ठेवला असता व्हय?

पद्मजा टेबलापाशी उभी होती. समोर काढलेले भाग पडले होते. तिनं आधी जाळी उचलली. जागेवर बसवली. चारही स्क्रू आवळले, पुन्हा एकदा पाना फिरवून बघितले.

मग तिनं स्टॉपर हातात घेतला. त्याच्या भोकापाशी नेला...

आणि थांबली.

उस्ताद चहा फुंकत होते. तिच्याकडं बघत नव्हते. पण त्यांची बशी ओठांपाशी तशीच थांबली होती, हे मी पाहिलं.

पद्मजानं स्टॉपर परत टेबलावर ठेवला.

“सिद्राम,” तिनं हाक मारली. “इकडं ये.”

...

सिद्राम आला. सवयीनं जांभई दिली. पट्टी सरकवली आणि टक् व्हायची वाट बघत राहिला.

टक् होईना. पट्टी सरकतच गेली.

“मॅडम, ही अडत न्हाई.”

“तू अडव,” पद्मजा म्हणाली.

“किती सरकवू?”

“ह्या पट्टीत सात झाकणं आहेत. काढ.”

सिद्रामनं पट्टी अंदाजानं मागं घेतली आणि दांडी ओढली. झाकण पडलं. त्याची एक कड नव्हती. पट्टी पुरती आत गेलीच नव्हती.

त्यानं झाकण उचलून बघितलं. सकाळपासून पाटीभर झाकणं काढली, पण उचलून बघितलेलं हे पहिलं.

दुसरं ओढलं. याला तर असा घास घेतलेला, की भाकरीचा तुकडा मोडावा तसा. आधीच्या भोकावरच पंच आला होता. सिद्राम घाबरला. तिसऱ्याला त्यानं पट्टी लांब सरकवली. झाकण पूर्ण गोल आलं आणि तो खूश झाला.

उस्तादांनी पट्टी हातात घेतली. दोन भोकांमधली रिकामी जागा त्याला दाखवली.

“हितं आणखी अर्धं झाकण हुतं. कुठं गेलं?”

सिद्राम डोकं खाजवायला लागला.

पहिल्या पट्टीतून पाचच निघाली. त्यातही तीन मोडकी. पद्मजाच्या ओठांवर चार वेळा काहीतरी आलं, आणि चार वेळा तिनं ते गिळलं. शिकवणाऱ्याला गप्प बसताना किती त्रास होतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“मॅडम, दुसरी पट्टी देता?” सिद्राम म्हणाला.

वर्षभरात या मुलानं आपणहून काही मागितलेलं मला आठवत नाही. मी धावत जाऊन पट्टी आणली. सही घ्यायचीसुद्धा विसरलो.

या खेपेला तो दांडीला लगेच भिडला नाही. पट्टी घातली, मग वाकला. इतका वाकला की नाक जाळीला लागलं. एक डोळा मिटला. पट्टी थोडी पुढं, थोडी मागं. दोन भोकांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढी जागा राहिली, तसा थांबला. हातानं पट्टी दाबून धरली.

धप्प. गोल.

दुसरं. गोल. तिसरं.

खिडकीत पुन्हा चिमणी आली. बसली, चिवचिवली, गेली. सिद्रामला पत्ता नाही.

चौथं, पाचवं, सहावं.

पट्टी संपत आली. आता शेवटचा तुकडा उरला होता, आणि तो एका झाकणाला पुरेल की नाही, ते मला दिसत नव्हतं, पद्मजाला दिसत नव्हतं. सिद्राम जाळीला चिकटून बघत होता. त्यानं पट्टी नखाएवढी मागं घेतली. पुन्हा त्याच्या निम्मी पुढं ढकलली.

पाचची घंटा झाली. बाहेर पोरांचा गलका झाला, सायकली निघाल्या. सिद्राम हलला नाही.

मीही श्वास धरून उभा होतो. माझं यात काय जाणार होतं, कोण जाणे.

धप्प.

त्यानं झाकण उचललं. उजेडाकडं धरलं. अंगठ्यानं कड फिरवून बघितली, एक पूर्ण फेरा.

“सात,” तो म्हणाला.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“छान,” पद्मजा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. “आता आवर. पुसून घे, मग जा.”

सिद्रामनं प्रेस पुसला. या दोन पट्ट्यांची झाकणं वेगळ्या पाटीत भरून पद्मजापुढं ठेवली आणि कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेला. पद्मजानं सवयीनं दोन्ही पट्ट्यांची भोकं मोजली. बारा. मग झाकणं मोजली. पुन्हा मोजली.

“अकराच आहेत,” ती म्हणाली. “एक कमी...”

आणि तिथंच थांबली.

सिद्राम नळापाशी लालबुंद होऊन उभा होता. ओला हात शर्टाच्या खिशावर दाबलेला.

“मॅडम, सोमवारी आणून देतो. आईला दावायचं हाय नुसतं.”

पद्मजा त्याच्याकडं बघत राहिली. मग हातातल्या मोकळ्या पट्टीकडं. मग टेबलावर पडलेल्या स्टॉपरकडं.

“आणू नकोस,” ती म्हणाली. “जा.”

सिद्राम दप्तर घेऊन पळाला.

उस्तादांनी खिशात हात घातला. दोरी ओढली. ठसा बाहेर आला.

“बापू, हातोडी.”

हातोडी माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही. उस्तादांनी टुलावर वाकून जागा शोधली. स्टॉपरच्या रिकाम्या भोकाशेजारी ठसा टेकवला आणि एकच घाव घातला.

‘द’.

बारावा.

पद्मजानं त्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग नमस्काराला वाकली, तसं उस्तादांनी तिला खांद्याला धरून उभी केली. म्हणाले, “ग्रीस लागंल साडीला.” साडी नव्हतीच, ती सलवार-कमीजमध्ये होती. पण उस्तादांनी तेव्हा काहीतरी बोलणं गरजेचं होतं.

मी टूल स्टोअरमध्ये घेतलं. रजिस्टरमध्ये लिहिलं : सोमवार, सकाळी आठ, बॅच पहिली, चोवीस पोरं. गॉगलही काढून ठेवले, चोवीस.

पद्मजानं ड्रॉइंग पुन्हा टेबलावर पसरलं. पेन्सिल घेतली, स्टॉपर खोडला. मग पेन्सिल हातात घेऊन तशीच बसली. हुशार माणसाचा चौकसपणा ठसा मिळाल्यानं थोडाच जातो.

“उस्ताद, एक विचारू?”

उस्ताद दारात उभे राहून चपला घालत होते. बाहेर सिद्राम फाटकापाशी पोचला होता.

“तेवीस भाग होते तेव्हा म्हणालात, एक कमी आहे. आता बावीसच राहिले, आणि ठसा मारलात.”

“व्हय.”

“मग तो कमी असलेला भाग कुठला होता, ते सांगा तरी. मला चित्रात काढायला पाहिजे.”

फाटकातून सिद्राम सायकल काढत होता. टांग टाकली, एक हात दांड्यावर, दुसरा खिशावर, आणि तसाच निघाला.

“काढ की,” उस्ताद म्हणाले. “पर बिगीनं काढ... सायकलवर बसला बघ त्यो.”